मॅडम क्लचवर पाय ठेवतात

गाडी नवऱ्याच्या नावावर होती, पण चालवायचे मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा मनस्ताप त्यातूनच झाला.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही बहारीनला, मनामात एका चार मजली इमारतीत राहत होतो. नवरा अस्करकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये होता. त्याला न्यायला-आणायला कंपनीची बस यायची. मी मुहर्रकला विमानतळावरच्या एका कार्गो ऑफिसात कागदपत्रांचं काम बघायचे. माझी शिफ्ट सकाळी सातला सुरू व्हायची आणि मला न्यायला कुणाची बस येत नव्हती. म्हणून कारखान्यातला एक जर्मन इंजिनिअर करार संपवून मायदेशी निघाला, तेव्हा त्याची गाडी आम्ही घेतली. अकरा वर्षांची, गडद निळी, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. किल्ली देताना इंजिनिअरनं नवऱ्याला सगळं तपशीलवार समजावून सांगितलं. नवऱ्याला गाडीतलं काही म्हणजे काही कळत नाही. तो मान डोलावत राहिला. मी शेजारीच उभी होते, आणि मला ते सगळं कळत होतं.

कळत होतं, कारण माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. औरंगाबादला शाळेच्या सुट्टीत त्यांचा डबा पोचवायला मी जायचे आणि डबा संपेपर्यंत तिथेच रेंगाळायचे. ते मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्याची लाकडी मूठ माझ्या कानाला लावायचे आणि विचारायचे, "काय ऐकू येतंय?" बिघडलेल्या बसभोवती लोक जमून एकदम दहा कारणं सांगायला लागले की ते चिडायचे. "आधी कधी होतंय ते बघा," म्हणायचे. "मग कुठं होतंय ते. कामून होतंय ते मागून आपोआप समजतं."

पहिलं वर्ष गाडी छान चालली. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये एके दिवशी सकाळी चालू केली तर इंजिन थरथरायला लागलं. चार पायांचा प्राणी तीन पायांवर धावावा तसं. स्टिअरिंग हातात हलत होतं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी आधी मागे ओढल्यासारखी व्हायची आणि मग एकदम झटका खाऊन पुढे जायची. आपल्याकडे मेकॅनिक म्हणतात तसं, गाडी मिसिंग मारत होती. मुहर्रकचा पूल ओलांडून ऑफिसजवळ पोचेपर्यंत मात्र सगळं सुरळीत. दुपारी परत येताना तर लोण्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मी अर्धा दिवस रजा टाकून सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये गेले. फोरमन आपल्याच देशातला, हिंदी बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. मी त्याला सांगितलं की सकाळी पहिली पंधरा-वीस मिनिटं मिसिंग होतं, नंतर जातं. त्यानं माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"सर नहीं आए?"

"सर ड्यूटी पे हैं. गाड़ी मैं चलाती हूँ."

"सर को भेज दीजिए, मैं उनको समझा दूँगा."

काय समजावणार होता? अजून त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. पण मी गप्प बसले. परक्या देशात, पुरुषांनी भरलेल्या त्या शेडमध्ये मी एकटीच बाई होते. आजही त्या गप्प बसण्याचा मला राग येतो.

पुढच्या शुक्रवारी गॅरेज सकाळपुरतं उघडं होतं, तेव्हा नवऱ्याला घेऊन गेले. त्या दिवशी तर फोरमननं त्याच्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. मी उभीच. त्यानं गाडी चालू केली. अकरा वाजले होते, ऊन कडक, आणि आम्ही वीस मिनिटं चालवत आणलेली. इंजिन अगदी गुळगुळीत चाललं. फोरमननं नवऱ्याकडे पाहून हात पसरले. "देखिए सर, कुछ भी नहीं है." मी म्हटलं, अहो, सकाळी होतं ते. गाडी रात्रभर इथे ठेवून घ्या आणि सकाळी सहाला चालू करून बघा. त्यानं उत्तर दिलं, पण नवऱ्याला. "सर, जर्मन गाड़ी है, प्लग और फिल्टर नया डाल देते हैं. खलास." नवऱ्यानं मान डोलावली.

प्लग नवे झाले, पेट्रोलचा फिल्टर नवा झाला. शनिवारी सकाळी गाडी पुन्हा तीन पायांवर. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी पेट्रोलच्या टाकीत पाणी असल्याचं ठरवलं आणि टाकी रिकामी करून साफ केली. तरी काही नाही. त्यापुढच्या खेपेला मी ऑफिसमधून सुटू शकले नाही, म्हणून नवरा एकटाच गेला. संध्याकाळी आला तो फार समजूतदार चेहरा करून. बूट काढता काढता म्हणाला, "अगं, त्याचं म्हणणं आहे की गाडीत दोष नाही. तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस. आणि थंड इंजिनावर घाई करतेस."

"त्याच्यासमोर मी कधी गाडी चालवली?"

"तसं नाही, पण त्याचा अनुभव आहे ना. म्हणतो, लेडीजचं असं होतं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तो बूट कोपऱ्यात सरळ लावत बसला. त्यानं काय केलं असेल ते मला माहीत होतं. मान डोलावली असेल.

मी त्याला नीट समजावून सांगितलं, की क्लचवर पाय ठेवला तर क्लच झिजतो, जळका वास येतो, पण उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये इंजिन थरथरत नाही. मी गाडी चालू करून नुसती बसले तरी ती मिसिंग मारते, तेव्हा माझा पाय कुठेही असो! तो म्हणाला, "असेल, असेल," आणि टीव्ही लावला. दोन दिवसांनी आमची आठ वर्षांची मुलगी जेवताना म्हणाली, "मम्मी, डॅडी सेज यू ड्राइव्ह इट राँग." मुलगी मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. मी हातातला घास ताटात परत ठेवला. गॅरेजवाल्याचं काय, तो परका. पण माझ्या घरात, माझ्या मुलीच्या डोक्यात हा निकाल नेऊन ठेवायचा अधिकार कुणाला कुणी दिला?

त्याच आठवड्यात पुलावरचा प्रसंग घडला. सप्टेंबरच्या सुरुवातीचे दिवस, बहारीनमधला सगळ्यात वाईट दमटपणा. सकाळी सहालाच काचा बाहेरून घामेजलेल्या, वायपर लावावा लागायचा. मुहर्रकच्या पुलावर, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि मधोमध माझी गाडी दोन आचके देऊन बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. एक जण खिडकीजवळून जाताना ओरडून गेला. शब्द अरबी होते, पण अर्थ कळायला भाषा लागत नाही. मग मासळीचे क्रेट भरलेला एक पिकअप माझ्या मागे थांबला. त्यातून एक म्हातारे बहारीनी गृहस्थ उतरले, त्यांनी हातानं खूण करून गाड्या बाजूनं काढून दिल्या, मला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितली आणि आपल्या खांद्यानं ढकलून ती कडेला घेतली. "मफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही, असं म्हणाले, बॉनेट उघडून दिलं, आणि निघून गेले. नवरा कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही. एवढ्याच गोष्टीनं माझे डोळे भरून आले, यावरून माझी तेव्हा काय अवस्था होती ते समजा.

अर्धा तास मी त्या पुलावर उभी होते. ऊन वर आलं, इंजिनावरचे दवाचे थेंब माझ्यासमोर सुकले. आणि मग गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. काहीही दुरुस्त न करता.

ऑफिसला पोचल्यावर उशिराबद्दल बोलणी खाल्ली. पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. आधी कधी होतंय ते बघा. इतके दिवस मी सगळ्यांना 'सकाळी होतं' असं सांगत होते. पण सकाळी दोन गोष्टी असतात. इंजिन थंड असतं, आणि हवा दमट असते. यातली कोणती? त्या फोरमननं हा प्रश्न विचारायला हवा होता. नाही विचारला, तर मी विचारायचा.

मुलीच्या गेल्या वर्षीच्या वहीची उरलेली पानं घेतली आणि रोज लिहायला लागले. काच ओली की कोरडी, वारा कसा, गाडी कशी. तीन आठवडे लिहिलं. मधे दोन दिवस शमाल सुटला, म्हणजे उत्तरेचा कोरडा, धुळीचा वारा. त्या दोन्ही सकाळी काच कोरडी होती आणि रात्रभर उभी असलेली थंड गाडी एकदाही न थरथरता चालू झाली. म्हणजे थंडपणाचा संबंध नाही. एका दुपारी उलटं झालं. इमारतीच्या वॉचमननं गाडी धुतली, समोरच्या जाळीतून बादलीभर पाणी मारलं, आणि भर उन्हात, चाळीस अंशांच्या वर, गाडी मिसिंग मारायला लागली. वहीत ती ओळ लिहिताना मला आनंदही झाला आणि रागही आला. दोष पाण्याचा होता. पण टाकीतल्या पाण्याचा नव्हे, हवेतल्या.

पाणी लागलं की बिघडेल असं इंजिनात काय असतं? वीज. ती आळीपाळीनं वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक प्लगपर्यंत एक जाड वायर जाते, त्यातून ठिणगीसाठी जोरदार दाबाची वीज जाते. वायरीचं रबर म्हातारं होऊन चिरलं असेल, तर कोरड्या हवेत कसंबसं निभावतं. ओल आली की वीज प्लगपर्यंत न जाता त्या चिरेतून बाहेर उडी मारते आणि जवळच्या लोखंडात जाते. त्या सिलिंडरला ठिणगीच मिळत नाही. बारा-तेरा उन्हाळे त्या आखाती उन्हात काढलेलं रबर!

त्या शुक्रवारी सकाळी नवरा अंघोळीला गेला असताना मी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि खाली पार्किंगमध्ये गेले. आमचं पार्किंग इमारतीच्या पोटात होतं, दिवसासुद्धा अंधारलेलं. इंजिन चांगलं तापू दिलं. ते संथ, एकसारखं चालत होतं. हात लांब ठेवून मी पहिल्या वायरीवर बारीक फवारा मारला. काही नाही. दुसरीवर मारला. काही नाही. तिसरीवर मारला, आणि इंजिन अडखळलं. टक, टक, टक असा बारीक आवाज यायला लागला, आणि वायर जिथे लोखंडी पट्टीला घासून जात होती तिथे एक निळी ठिणगी नाचायला लागली. स्पष्ट, लहान, निळी. मी तशीच उभी राहून बघत राहिले. वडील असते तर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावली नसती; म्हणाले असते, आता डोळ्यांनीच दिसतंय.

मी वर जाऊन नवऱ्याला ओल्या केसांनी खाली आणलं. पुन्हा फवारा मारला. तो ठिणगीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"हेच होतं रोज?"

"हेच होतं रोज."

"अगं, मग हे त्यांना दाखवायला पाहिजे."

मला जायचं नव्हतं. पण मग वाटलं, जावं. आम्ही थेट सलमाबादला गेलो, बाटली माझ्या मांडीवर. फोरमन नवऱ्याला बघून हसत आला. मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि काही न बोलता तिसऱ्या वायरीवर फवारा मारला. इंजिन अडखळलं. आजूबाजूला काम करणारे तीन-चार मेकॅनिक जवळ आले.

फोरमन नवऱ्याला म्हणाला, "सर, पानी मारेंगे तो कोई भी गाड़ी बंद पड़ेगी."

"ठीक है," मी म्हटलं. शेजारी त्यांचाच एक पिकअप इंजिन चालू ठेवून उभा होता, बॉनेट उघडं. मी त्याच्या चारही वायरींवर पाणी मारलं. तो जसा चालत होता तसाच चालत राहिला. एक मेकॅनिक हसला आणि लगेच खाली वाकून पाना शोधायला लागला.

फोरमननं क्षणभर वायरीकडे पाहिलं. मग तो नवऱ्याकडे वळला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, वायर सेट बदलना पड़ेगा. मुझे पहले से डाउट था."

पहिल्यापासून संशय होता! चार खेपा, नवे प्लग, नवा फिल्टर, साफ केलेली टाकी, पुलावरचा अर्धा तास, माझ्या मुलीचं ते वाक्य, आणि ह्याला पहिल्यापासून संशय होता. मी म्हटलं, "डाउट था तो बोला क्यों नहीं? आप तो बोले, मैडम क्लच पे पाँव रखती है." त्यानं तेव्हासुद्धा माझ्याकडे बघितलं नाही. नवऱ्याला म्हणाला, "गाड़ी छोड़ जाइए सर, शाम तक हो जाएगा."

नवऱ्याची मान खाली जायला लागली होती. ती पुरती डोलायच्या आत मी बॉनेट आपटलं, गाडीत बसले आणि दार लावलं. तो मुकाट्यानं शेजारी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मुहर्रकच्या जुन्या बाजारातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. बोळासारखं अरुंद दुकान. मालक रत्नागिरीकडचे मुसलमान चाचा होते. मी हिंदीत सुरुवात केली, तर माझे उच्चार ऐकून तेच मराठीत बोलायला लागले. गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं.

"कोण बसवणार?"

मी तयारीतच होते. "मी."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि डबा उघडून पाची वायरी, चार प्लगांच्या आणि एक कॉइलची, काउंटरवर मांडल्या. "मग एक काढायची नि त्याच जागी एक लावायची, ताई. सगळ्या एकदम काढल्या तर नंबर चुकतो. आणि ही लांब, ती मधली. जुन्या वायरीशी लांबी मापून घ्या." बस. एवढंच. एका मेकॅनिकनं दुसऱ्या मेकॅनिकला सांगावं तसं. दुकानाबाहेर आल्यावर मला किती दिवसांनी सरळ श्वास आला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बसवल्या. एक काढायची, एक लावायची. तासभरही लागला नाही. लोखंडी पट्टीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला, म्हणजे नवी वायर घासणार नाही. दुसऱ्या दिवशी काचा इतक्या ओल्या होत्या की वायपर दोनदा फिरवावा लागला, आणि गाडी एकसारखी, चारही पायांवर, पूल ओलांडून गेली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

महिन्यातल्या एका शुक्रवारी आम्ही दहा-बारा मराठी बौद्ध कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमायचो. वंदना, मग जेवण, मग गप्पा. त्या शुक्रवारी जेवताना कुणीतरी गाडीचं विचारलं, आणि नवरा रंगात येऊन सांगायला लागला. "आम्ही वही ठेवली. आम्ही बघितलं की शमाल असला की होत नाही. मग आम्ही इस्त्रीची बाटली घेतली..." पुरुष ऐकत होते. एक जण म्हणाला, "वा साहेब, डोकं लावलंत!" आणि नवरा हसला. नाही म्हणाला नाही. हसला.

मी भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होते. ती खाली ठेवली.

"आम्ही नाही," मी म्हटलं. "मी. वही मी लिहिली, बाटली मी घेतली, वायरी मी बसवल्या. हे तेव्हा टीव्ही बघत होते आणि गॅरेजवाल्याचं ऐकून मुलीला सांगत होते की आईला गाडी चालवता येत नाही."

यजमानीण बाई म्हणाल्या, "असू दे गं, नवरा-बायको काय वेगळे असतात का?" मी म्हटलं, "क्लचवर पाय ठेवते असं म्हणताना वेगळी होते ना मी?" कुणीतरी आमटी वाढायला उठलं. माझी मुलगी कोपऱ्यातून डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

घरी जाताना नेहमीप्रमाणे गाडी मी चालवत होते. तो शेजारी. मुलगी मागे झोपलेली. मला वाटलं, चारचौघांत अपमान केला म्हणून आता भांडेल, आणि मी भांडायला तयार होते. सिग्नलला गाडी थांबली. इंजिन इतकं शांत होतं की चालू आहे की नाही ते समजू नये.

"मी त्या दिवशी गॅरेजात बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तू क्लचवर पाय ठेवत नाहीस, हे मला माहीत होतं. मी शेजारी बसतो... म्हणजे, मला माहीत होतं."

बायकांनी अशा वेळी 'जाऊ द्या' म्हणायचं असतं. माझ्या आईनं आयुष्यभर म्हटलं. माझ्याही तोंडाशी आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "बोलायला पाहिजे होतं."

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. त्यानं मागे वळून मुलीची कलंडलेली मान सरळ केली. त्या रात्री अंथरुणावर टाकताना मुलगी जागी झाली, तेव्हा त्यानं तिला हळू आवाजात सांगितलेलं मी ऐकलं, की गाडी मम्मीनं दुरुस्त केली, डॅडीनं नाही. माझा राग त्यानं गेला नाही. पण थोडा कमी झाला, खोटं कशाला बोलू.